ओळ क्रमांक दोनशे बारा

३ मार्च, सोमवार

भर तासातून प्राचार्यांनी शिपाई पाठवून बोलावून घेतलं. मला वाटलं, परीक्षेच्या वेळापत्रकाची धोंड पुन्हा माझ्याच गळ्यात. पण सरांनी स्वतः खुर्ची पुढे केली, चहा मागवला, तेव्हाच ओळखलं की काम मोठं आहे.

काम असं. पहिल्या वर्षाच्या तीनशे अठरा मुलांची माहिती घ्यायची: शाळेतले मार्क, हजेरी, वाचनालयातून नेलेली पुस्तकं, आणि गणिताच्या मदत-खोलीत कोण किती वेळा गेलं. त्यावरून पहिल्या सत्राची ग्रेड सांगता येईल असं सूत्र बसवायचं, म्हणजे आमच्या संख्याशास्त्रातलं रिग्रेशन. मग कशाने ग्रेड वाढते आणि कशाने घटते ते कॉलेजच्या समितीला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं. "कशाचा उपयोग होतो आणि कशाचा नाही, एवढंच सांगा मॅडम. खोल्या कमी पडतायत."

मदत-खोली म्हटल्यावर मी कप खाली ठेवला. ती खोली आमच्या वन्सं चालवतात, ह्यांची धाकटी बहीण. अकरा वर्षं झाली, तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत दुपारी दोन ते पाच बसतात आणि ज्याला गणितात जे अडेल ते समजावतात. नोकरी कंत्राटी, दर वर्षी नवं पत्र. खोली गेली की वन्संही गेल्या.

मी लगेच म्हटलं, सर, तिथे माझी नणंद आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. ते हसले. "म्हणूनच तुम्हाला देतोय. तुम्ही आपल्या माणसालाही सोडत नाही हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे." ऐकून बरं वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू, चांगलंच बरं वाटलं.

५ मार्च, बुधवार

मुलांची नावं मला नकोत, असं ऑफिसला ठणकावून सांगितलं. त्यांनी नावांच्या जागी एक ते तीनशे अठरा क्रमांक घालून यादी दिली. कुठला क्रमांक कुणाचा तो कागद वेगळ्या पाकिटात, गोंदाने बंद. पाकीट माझ्या कपाटात आहे आणि ते मी उघडणार नाही.

संध्याकाळी वन्सं आल्या. दोन गल्ल्या पलीकडे एकट्याच राहतात. त्यांना सगळं कळलेलं होतं, पण रागावल्या नव्हत्या. "वहिनी, एक कर. पहिल्या आठवड्यात मी सगळ्या मुलांची पन्नास मार्कांची चाचणी घेते ना, ते पेपर माझ्या ट्रंकेत आहेत. घेऊन जा. शाळेच्या मार्कांवरून काही कळत नाही गं. एक शाळा सैल हाताने मार्क देते, दुसरी आखडून. कोण कुठून सुरू झालं ते त्या पेपरांत दिसतं."

मी नको म्हणाले. ज्यांच्या खोलीचा निवाडा करायचा त्यांनीच दिलेले पेपर मी कसे घेऊ? उद्या लोक म्हणतील, नणंदेने आकडे पुरवले आणि भावजयीने ते घुसवले. "वन्सं, मला पेचात टाकू नका." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि ह्यांच्याकडे वळल्या. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आमच्या पुढच्याच खोलीत. हे एका भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. "काय दादा, आज कुठे अडलं?" हे वन्संचं पालुपद आहे. कुणीही भेटो, हेच विचारतात.

८ मार्च, शनिवार

ठकीचं काहीतरी चाललंय. आमची एकुलती एक लेक, यंदाच माझ्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आली. मी वरच्या वर्गांना शिकवते, त्यामुळे दिवसभर तोंड दिसत नाही. तास दोनला संपतात आणि बाईसाहेब साडेपाचला घरी. विचारलं की एकच उत्तर, वाचनालय.

आज तिचे कपडे धुवायला काढले तर खिशातून पेपरमिंटच्या गोळ्यांचे सहा कागद निघाले. पेपरमिंट कोण खातं? ज्याला तोंडाचा वास लपवायचा आहे तो. किंवा ज्याला कुणाच्या तरी जवळ बसायचंय तो. ह्यांना म्हटलं तर म्हणतात, "गोळ्या आवडत असतील." काय म्हणावं ह्यांच्या भोळेपणाला! पोरीच्या आयुष्यात कुणीतरी आलंय, हे मी लिहून देते. हे बघा, दिलं.

अभ्यासावर परिणाम होतोच ना मग. पहिल्या सत्राला दहापैकी सहा पूर्णांक आठ. तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं की इतक्या सोप्या पेपरला एवढेच का? तिने गुणपत्रिकेची घडी घातली आणि गेली. लहानपणी गणित घेऊन माझ्याजवळ बसायची. मी "अगं, सोपं तर आहे" म्हटलं की डोळे भरून यायचे. मग हळूहळू बसायचीच बंद झाली. आता मोठी झाली, तिचं ती बघते. एका परीने बरंच झालं.

१२ मार्च, बुधवार

सूत्र बसलं. शाळेच्या मार्कांपुढचा आकडा अधिक, हजेरीपुढचा अधिक, पुस्तकांपुढचा नावापुरता अधिक. आणि मदत-खोलीपुढचा चक्क उणे. उणे शून्य पूर्णांक शून्य चार. म्हणजे खोलीत वीस फेऱ्या मारल्या की जवळजवळ एक अख्खा पॉइंट गेला! दोनदा तपासलं. आकडा पक्का आहे.

एक ओळ मात्र फार छळत होती. क्रमांक दोनशे बारा. हा पठ्ठ्या एका सत्रात एकेचाळीस वेळा खोलीत गेलाय. बाकी कुणी तिशीसुद्धा गाठलेली नाही. सूत्र म्हणतं ह्याला ४.९ मिळायला हवेत, आणि मिळालेत ६.८. एकटाच लांब उभा राहून माझी सगळी रेघ स्वतःकडे ओढतोय. असा एखादा तिरपागडा असतोच. नोंदीतच काहीतरी घोळ असणार, म्हणून ती ओळ वगळली. आकडा लगेच उणे शून्य पूर्णांक शून्य पाच झाला आणि रेघ छान बसली.

मग वाक्य लिहिलं: "मदत-खोलीच्या प्रत्येक फेरीमागे विद्यार्थ्याची ग्रेड ०.०५ ने घटते." समितीतल्या कुणालाही कळेल असं. वन्संचं वाईट वाटलं, पण लिहिताना हात अडखळला नाही.

१३ मार्च, गुरुवार

जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांनी आधी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "माझ्याकडे येणारं प्रत्येक घड्याळ मागे पडलेलं असतं, नाहीतर बंद. चांगलं चालणारं घड्याळ घेऊन कोण येतंय माझ्याकडे? आता तू मोजायला बसलीस तर तुला दिसेल की माझा हात लागलेली घड्याळं गावातल्या इतर घड्याळांपेक्षा मागे आहेत. मग काय, दुकान बंद करशील माझं?"

मी म्हटलं, घड्याळं वेगळी आणि संख्याशास्त्र वेगळं. बहिणीची बाजू घ्यायचीय ना, मग सरळ तसं म्हणा. ठकीने एकदम विचारलं, "म्हणजे आत्याची खोली बंद होणार?" मी म्हटलं, होईल बहुतेक, आकड्यांना नातीगोती कळत नाहीत. ती ताटावरून अर्ध्यातच उठली. आत्यावर जीव आहे पोरीचा, साहजिक आहे.

१७ मार्च, सोमवार

अहवाल दिला. प्राचार्यांनी माझं ते एक वाक्य दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "वाईट वाटतं हो मॅडम. बाई फार मनापासून करतात. पण मुलांचं नुकसान होत असेल तर कसं चालू ठेवणार?" अठ्ठावीसला समितीपुढे ठराव, एकतीसला खोली बंद. बाईंना ते स्वतःच सांगणार आहेत. माणूस वाईट नाही. जाताना म्हणाले, "इतकं निःपक्षपाती काम मी पाहिलं नाही."

घरी आल्यावर हे ऐकवायला कुणी मिळालं नाही. हे दुकानात, ठकी खोलीचं दार लावून आत.

१९ मार्च, बुधवार

वन्सं आल्या होत्या. मी भांडणाच्या तयारीने बसले होते, पदर खोचूनच म्हणा ना. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"वहिनी, नोकरीचं मी बघेन. दुसरी मिळेल, नाही मिळाली तरी एका जिवाला काय लागतं? पण मला एकच खरं सांग. तू लिहिलंयस ते तसंच असेल, तर अकरा वर्षं मी मुलांचं वाटोळं करत होते का?"

आकडे तसं म्हणतात, एवढंच कसंबसं बोलले. त्यांनी मान हलवली. वन्संना मी कधी रडताना पाहिलेलं नाही. त्यांचे यजमान गेले तेव्हाही बाई ताठ उभ्या होत्या. आज चपला घालताना त्यांना पट्टा सापडत नव्हता.

त्या गेल्यावर ठकी बाहेर आली आणि माझ्यावर कडाडली, "तुला मुलांचं काय कळतं गं आई? तुला फक्त हुशार मुलं कळतात." मी थक्क. प्रेमभंग झालाय की काय, कोण जाणे.

२० मार्च, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

तिसऱ्या वर्षाचा तास होता. विषय माझ्या अगदी हातखंड्याचा. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नाही. त्याचं माझं एक ठरलेलं उदाहरण आहे, बावीस वर्षं देतेय. ज्या घरात औषधाच्या बाटल्या जास्त त्या घरात आजारपण जास्त, मग बाटल्यांमुळे माणसं आजारी पडतात का? दर वर्षी वर्ग हसतो. आजही हसला. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे बाटल्या फोडून टाकल्या तर आजार पळून जाईल!" पुन्हा हशा.

आणि मी खडू हातात धरून तशीच उभी. बाटल्या फोडा. खोली बंद करा. हे घड्याळांचं सांगत होते ते हेच की! दुसऱ्यांना बावीस वर्षं शिकवतेय, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ढळढळीत तीच चूक, तीही सहीनिशी. ज्यांना अडतं तीच मुलं खोलीत जातात. ती आधीच मागे असतात. ती किती मागे होती हे माझ्या सूत्राला माहीतच नव्हतं, कारण ते सांगणारे पेपर मीच नाकारले. का, तर लोक काय म्हणतील. शी! माझा निःपक्षपातीपणा म्हणजे शुद्ध भित्रेपणा होता.

तास सोडून दिला आणि तडक वन्संचं घर गाठलं. दारातच म्हटलं, "वन्सं, ते चाचणीचे पेपर द्या मला." वाटलं, आता बोलतील, बोलायलाच हवं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ट्रंक जड आहे. दादाला बोलाव."

२२ मार्च, शनिवार

पेपरांवर नावं, माझ्या यादीत क्रमांक. म्हणजे पाकीट उघडणं भागच होतं. उघडलं. सकाळपासून आम्ही दोघं बसलो, हे पेपर उचलून नाव आणि मार्क वाचणार, मी पाकिटातल्या कागदावर क्रमांक शोधून लिहिणार. ठकी मैत्रिणीकडे गेली होती.

जेवणाच्या आधी हे एका पेपरवर थांबले. वाचेनात. मी म्हटलं, अहो, डोळा लागला का? तर म्हणाले, "हा तूच बघ."

पन्नासपैकी अकरा. आणि अक्षर मी कुठेही ओळखेन, मीच गिरवून घेतलंय ते. कागदावर क्रमांक शोधला. दोनशे बारा.

एकेचाळीस वेळा. वाचनालय नाही, कुणी मुलगा नाही. माझी मुलगी रोज दुपारी दोनला जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसत होती. अकरा मार्कांवरून सुरू करून तिने सहा पूर्णांक आठ मिळवले, आणि मी विचारलं, एवढेच का? वर तिला तिरपागडा म्हणून ओळीसकट काढून टाकलं, का तर माझी रेघ छान बसत नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तिने शपथ घातली होती." 

ट्रंकेच्या तळाशी वन्संचं हजेरीचं रजिस्टरही होतं. मी आजवर हातात घेतलं नव्हतं, ऑफिसने फेऱ्यांची बेरीज दिली तीच वापरली. त्यात तीन रकाने आहेत. तारीख, नाव, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर वन्संच्या अक्षरात, "कुठे अडलं?" मुलांनी आपापल्या हाताने लिहिलंय. कुणी अपूर्णांक, कुणी आलेख, कुणी "दोन्ही बाजूंना भागायचं ते". ठकीची पहिली नोंद सापडली. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलंय, "सगळंच. घरी विचारायची भीती वाटते."

मी फार रडले. ह्यांनी पेपर बाजूला केले, पंखा लावला आणि माझ्या शेजारी बसून राहिले. मी म्हटलं, मी तिला कधी मारलं नाही, कधी ओरडले नाही. हे म्हणाले, "नाहीच ओरडलीस. तू सोपं आहे म्हणायचीस."

२५ मार्च, मंगळवार

तीनशे अठराच्या तीनशे अठरा ओळी. दोनशे बारा जागेवर परत. चाचणीचे मार्क नव्या रकान्यात घातले आणि सूत्र पुन्हा बसवलं. मदत-खोलीपुढचा आकडा आता अधिक शून्य पूर्णांक शून्य सहा. म्हणजे चाचणीत सारखेच मार्क असलेली दोन मुलं घेतली, तर जे खोलीत दहा वेळा जास्त गेलं त्याची ग्रेड साधारण अर्ध्या पॉइंटहून थोडी वरच आहे. चिन्हच उलटं झालं!

हुरळून जायचं नाही, असं स्वतःला बजावलं. खोलीत जाणारी मुलं मुळातच चिकाटीची असतील, ग्रेड त्या चिकाटीचीही असेल. हेही लिहून टाकलं. या वेळी "मुळे" हा शब्द अहवालात कुठेही येऊ दिला नाही.

ठकीला काही बोलले नाही. हे म्हणाले, तिचं तिला सांगू दे. जीभ दाताखाली धरून बसलेय. मला ते किती जड जातं, ते ह्यांनाच माहीत.

२८ मार्च, शुक्रवार

समितीपुढे उभी राहिले. सांगितलं की मागच्या अहवालातलं ते वाक्य चुकीचं आहे आणि ती चूक आकड्यांची नाही, माझी आहे. मुलं खोलीत गेल्यामुळे मागे पडत नाहीत, मागे पडलेली असतात म्हणून जातात. दोन्ही सूत्रं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली.

समितीतले एक वकील होते, त्यांनी धरलंच. "मॅडम, दोन आठवड्यांत उण्याचं अधिक झालं. खोली चालवणाऱ्या बाई तुमच्या नणंद ना?" ज्या प्रश्नाला मी महिनाभर घाबरत होते तो हाच. म्हटलं, "हो. आणि तुम्ही हे विचाराल या भीतीनेच मी त्यांचे पेपर आधी घेतले नाहीत. घेतले असते तर पहिलाच अहवाल बरोबर आला असता. सगळे कागद इथे ठेवते, हव्या त्या माणसाकडून तपासून घ्या."

"आणि ही वगळलेली ओळ कुणाची होती?"

"एका विद्यार्थ्याची. नाव सांगणार नाही. सगळ्यात जास्त कष्ट त्याच ओळीत होते, आणि मी ती चूक समजून काढली." प्राचार्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

खोलीला एक वर्ष मिळालं. फक्त एक वर्ष, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मोजायचं, या वेळी चाचणीच्या मार्कांसकट. प्राचार्य म्हणाले, "मला तेव्हा तुमचं पहिलं वाक्य फार सोपं वाटलं होतं, तिथेच थांबायला हवं होतं." मी म्हटलं, सर, मलाही.

तिथून जिना उतरून त्या खोलीत गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चार बाकं, एक फळा, आणि वन्संच्या टेबलावर काचेच्या बरणीत पेपरमिंटच्या गोळ्या. मी बरणीकडे बघत राहिले. वन्संना वर्षाचं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग डोळे पुसत म्हणाल्या, "गोळी घे. नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी देते मी."

३० मार्च, रविवार

सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. ठकी दारात येऊन उभी राहिली. हातात वही. एक पाय आत, एक बाहेर.

"आत्याने सांगितलं मला, तू काय बोललीस ते," ती म्हणाली. मग वहीचा कोपरा दुमडू लागली. पुढच्या खोलीत ह्यांची हत्यारं थांबली होती, कान टवकारून बसले असणार. "आई, आज आत्याची खोली बंद असते. मला एक विचारायचं होतं. कामात आहेस का?"

हात पुसले, वही घेतली. गणित होतं साधंच, दुसऱ्या ओळीत चिन्ह बदलायचं राहिलं होतं, बाकी सगळं बरोबर. माझ्या तोंडात ते दोन शब्द आले. अगदी ओठांपर्यंत आले. मी ते गिळले, वही तिच्याकडे परत केली आणि विचारलं, "कुठे अडलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.